अ‍ॅपचा षड्ज चुकतोय? आधी किती चुकतोय ते मोजा

रियाजाच्या अ‍ॅपमध्ये काळी एक निवडली, तानपुरा सुरू केला, पेटीवर काळी एक दाबली आणि दोघांचं जमेना. गोव्यात भजन, नाट्यगीत, ख्याल शिकणाऱ्या घरांत आता खरा तानपुरा क्वचितच दिसतो. फोन असतो, ब्लूटूथ स्पीकर असतो आणि बऱ्याचदा आजोबांच्या वेळची पेटी असते. त्यामुळे पेडण्यापासून काणकोणापर्यंत नव्याने शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी या अडचणीत सापडतो. मग पहिला उपाय म्हणून अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं जातं. त्याने सहसा काही सुधारत नाही, उलट जपून ठेवलेल्या पट्ट्या आणि लयी मात्र पुसल्या जातात.

दुरुस्तीला हात घालण्याआधी सूर किती चुकतोय ते मोजा. पूर्ण एक पट्टी हलला असेल तर कारण वेगळं, दीड पट्टी हलला असेल तर वेगळं, आणि केसभर हलला असेल तर आणखी वेगळं. माप हाती आलं की कारण जवळजवळ सापडलेलंच असतं.

हा त्रास घ्यायलाच हवा. नव्या माणसाचा कान अजून घडत असतो आणि समोरचा षड्ज तो खरा धरून चालतो. तो दीड पट्टी वर गेला तर तार सप्तकात गळ्यावर ताण येतो आणि मुलांना वाटतं, आपला आवाजच पोचत नाही. दोष यंत्राचा असताना शिकणाऱ्याने तो स्वतःवर घ्यावा, हे मला मुळीच पटत नाही.

पायरी 1: तिसरा साक्षीदार आणा

पेटी आणि अ‍ॅप जुळत नाहीत एवढ्यावरून अ‍ॅप चुकलं असं ठरत नाही. जुन्या पेटीचे सूर वर्षानुवर्षांत थोडे वरखाली झालेले असतात. स्केल चेंजर पेटी असेल तर आधी पट्टी सरकवायचा खटका मूळ जागेवर आहे ना ते बघा. कुणीतरी मागच्या कार्यक्रमात सरकवलेली पट्टी तशीच राहणं हे फार नेहमीचं आहे.

तबल्यावर तर पावसाळ्यात विसंबूच नका. चामडं दमट हवेतला ओलावा ओढतं, पुडी सैल पडते आणि सूर उतरतो. श्रावणात वास्कोच्या दामोदर सप्ताहाला किंवा चवथीच्या दिवसांत भजनाला बसलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. दुपारी जुळवलेला तबला रात्री उतरलेला असतो, आणि अ‍ॅप मात्र तिथल्या तिथेच असतं.

म्हणून एक ट्यूनर अ‍ॅप घ्या. फुकटातले चालतात, फक्त पडद्यावर हर्ट्झ आणि सेंट दोन्ही दिसले पाहिजेत. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं ते. एका पट्टीपासून लगेच पुढच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचे 100 भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सेंट. ट्यूनर उघडल्यावर आधी त्याचीच सेटिंग तपासा. तिथे पांढरी सहा, म्हणजे ए, 440 हर्ट्झवर ठेवलेली हवी. शक्य असेल तर ट्यूनर दुसऱ्या फोनवर लावा. ज्या फोनवर तानपुरा वाजतोय त्याच फोनचा माईक चालू केला तर कधीकधी त्यामुळेच सूर बिघडतो. ते पुढे येईलच.

440 धरून मधल्या सप्तकाच्या पट्ट्या अशा येतात:

पांढरी एक (सी) 261.6
काळी एक (सी शार्प) 277.2
पांढरी दोन (डी) 293.7
काळी दोन (डी शार्प) 311.1
पांढरी तीन (ई) 329.6
पांढरी चार (एफ) 349.2
काळी तीन (एफ शार्प) 370.0
पांढरी पाच (जी) 392.0
काळी चार (जी शार्प) 415.3
पांढरी सहा (ए) 440.0
काळी पाच (ए शार्प) 466.2
पांढरी सात (बी) 493.9

खालच्या सप्तकासाठी निम्मा करा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज 138.6 वर असतो, आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईचा 207.7 वर. हा तक्ता वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवा. बरीच अ‍ॅपं पट्टीचं नाव फक्त इंग्रजी अक्षरात दाखवतात, आणि आपले गुरुजी काळी-पांढरीत बोलतात. निम्मे घोटाळे इथेच होतात. पांढरी चार म्हणजे ‘चौथं अक्षर डी’ असं समजून डी लावणारे बरेच असतात. डी ही पांढरी दोन.

पायरी 2: तानपुरा नीट मोजा

चारही तारा झंकारत असताना ट्यूनर गोंधळतो. जवारीमुळे, म्हणजे तारेच्या गुंजणाऱ्या झंकारामुळे, वरचे स्वर इतके ठळक येतात की काटा कधी पंचमावर बसतो, कधी वरच्या सप्तकातल्या षड्जावर. अ‍ॅपमध्ये तारांचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता येत असेल तर पंचमाची तार आणि खर्ज (सगळ्यात खालच्या षड्जाची तार) बंद करून फक्त जोड (मधल्या दोन षड्जाच्या तारा) ठेवा. तशी सोय नसेल तर त्याच पट्टीत सूरपेटीचा किंवा पेटीचा आवाज लावा आणि तो मोजा. काटा दोन-तीन सेकंद स्थिर राहिला की आकडा लिहून घ्या. तक्त्यातला आकडा शेजारी लिहा.

आता फरक बघायचा.

बरोबर एक, दोन किंवा अधिक पट्ट्यांचा फरक

ही सगळ्यात सोपी केस. कुठेतरी ट्रान्सपोझ, म्हणजे सगळे सूर ठरावीक पट्ट्यांनी वरखाली सरकवणं, चालू आहे. अ‍ॅपमध्ये ते मुख्य पट्टीशेजारी नसून गाण्याच्या किंवा लेहऱ्याच्या (तबल्यासोबत फिरत राहणाऱ्या सुरावटीच्या) वेगळ्या सेटिंगमध्ये दडलेलं असू शकतं. संगणकावर ब्राउझरमधून वाजवत असाल तर सूर बदलणारं एखादं एक्स्टेन्शन पूर्वी कधीतरी टाकलेलं आणि चालूच राहिलेलं आहे का, ते पाहा. कॅरिओकेसाठी असली एक्स्टेन्शनं लोक टाकतात आणि विसरतात. शून्यावर आणा, पुन्हा मोजा, झालं.

बरोबर एका सप्तकाचा फरक

आकडा दुप्पट किंवा निम्मा येतोय. अ‍ॅपमध्ये पुरुष-स्त्री आवाज किंवा सप्तक निवडायची सोय असते, ती बदलली गेली असेल. पण ट्यूनरवर आकडा बरोबर असून कानालाच ‘वरचा’ वाटत असेल, तर फोनचा स्पीकर त्याला कारणीभूत असतो. काळी एकचा खर्ज 69 हर्ट्झच्या आसपास येतो. फोनच्या इवल्याशा स्पीकरला तो धड वाजवता येत नाही, ऐकू येतात ते त्याचे वरचे स्वर. इअरफोन लावा किंवा बऱ्यापैकी स्पीकर जोडा, खर्ज परत येईल.

दीड पट्टीचा फरक

नवख्याला सगळ्यात जास्त चक्रावून टाकणारी चूक हीच. सूर कुठल्याच पट्टीवर बसत नाही, दोन पट्ट्यांच्या मध्येच लटकतो. पांढरी एक लावली तर ट्यूनर 285 च्या जवळपास दाखवतो. हा आकडा काळी एकच्या पुढे पण पांढरी दोनच्या अलीकडे येतो.

कारण असं आहे. डिजिटल आवाज म्हणजे सेकंदाला ठरावीक वेळा घेतलेल्या नोंदी. सीडीच्या परंपरेतल्या फाइलींत त्या सेकंदाला 44,100 असतात. व्हिडिओत आणि आजच्या बहुतेक फोनमध्ये 48,000. अ‍ॅपने 44,100 च्या हिशेबाने दिलेल्या नोंदी यंत्राने 48,000 च्या वेगाने वाजवल्या, तर सगळं 8.8 टक्के जलद होतं आणि सूर 147 सेंट, म्हणजे साधारण दीड पट्टी, वर जातो. उलट झालं तर तेवढाच खाली येतो. इतर कुठल्याही नेहमीच्या बिघाडात नेमका हा आकडा येत नाही. म्हणूनच तो दिसला की मी दुसरीकडे शोधत बसत नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर ठेका लावा. लय 60 ठेवा आणि घड्याळ लावून 60 मात्रा मोजा. एक मिनिट लागायला हवा. 55 सेकंदांत संपल्या तर सूर वर गेलाय, 65 सेकंद लागले तर खाली आलाय. बहुतेक अ‍ॅपांत लय आणि सूर असे एकत्रच हलतात, म्हणून ही कसोटी कानाची तयारी नसलेल्यालाही करता येते.

हे होतं कधी? बहुधा आवाजाची वाट मध्येच बदलते तेव्हा. अ‍ॅप चालू असताना इअरफोन जोडले, स्पीकर बंद केला, फोन आला, माईक चालू झाला की यंत्र आपला वेग बदलतं आणि काही अ‍ॅपांना ते कळतच नाही.

फोंड्याजवळ आमच्या शेजारी राहणारी बारावीतली एक मुलगी पुण्याच्या गुरुजींकडे व्हिडिओ कॉलवर शिकते. शिकवणीत कानाला वायरलेस इअरफोन, तानपुरा त्याच फोनवर. गुरुजी तिकडून पेटीवर षड्ज देत आणि म्हणत, ‘बाळ, खाली उतरलीस.’ ती बिचारी तर तानपुऱ्याला धरून गात होती. शिकवणी संपल्यावर एकटी बसली की सगळं ठीक. तिने गळ्याला विश्रांती दिली, थंड पाणी सोडलं. मग ट्यूनर शेजारच्या फोनवर लावून, कॉल चालू ठेवून तानपुरा मोजला. काळी चार लावलेली होती, 207.7 यायला हवं होतं. काटा 190.8 वर उभा. म्हणजे काळी तीन आणि पांढरी पाचच्या मधोमध. भागाकार केला तर 48,000 आणि 44,100 चं गुणोत्तर हुबेहूब निघालं. तिचा गळा ठणठणीत होता. तानपुरा वेगळ्या जुन्या फोनवर हलवला आणि विषय मिटला.

तुम्ही हे असं करा. अ‍ॅप पूर्ण बंद करा, नुसतं मागे ढकलू नका, चालू अ‍ॅपांच्या यादीतून काढून टाका. ब्लूटूथ बंद करा. अ‍ॅप उघडा, फोनच्याच स्पीकरवर मोजा. आकडा बरोबर आला तर दोष वाटेतला आहे. आता वायरचे इअरफोन *आधी* जोडा, *मग* अ‍ॅप उघडा. ब्लूटूथही वापरायचंच असेल तर याच क्रमाने जोडा. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये सॅम्पल रेट (सेकंदाला किती नोंदी ते) निवडता येत असेल तर 48,000 करून बघा.

माईक आणि ब्लूटूथ एकाच वेळी वापरणं शक्य तितकं टाळा. माईक चालू झाला की ब्लूटूथ इअरफोन संगीताच्या पद्धतीतून कॉलच्या पद्धतीत जातात. आवाज जुन्या टेलिफोनसारखा चपटा होतो, जवारी नाहीशी होते, आणि वर सूर हलण्याचा धोका. ज्या अ‍ॅपमध्ये तुमचा सूर तपासायला माईक लागतो, तिथे वायरचेच इअरफोन हवेत.

संगणकावर हीच गोष्ट सेटिंगमध्ये सरळ दिसते. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमधलं साउंड उघडा, प्लेबॅकमध्ये आपलं उपकरण निवडून प्रॉपर्टीज आणि मग अ‍ॅडव्हान्स्डवर जा. तिथे 44,100 की 48,000 ते निवडता येतं. मॅकवर युटिलिटीजमध्ये ऑडिओ मिडी सेटअप नावाचं साधन आहे. बदल केल्यावर रियाजाचं अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडायला विसरू नका.

एक करू नका. सूर दीड पट्टी वर आहे म्हणून अ‍ॅपमध्ये पट्टी दीडने खाली ओढून वेळ मारून नेऊ नका. षड्ज जुळल्यासारखा वाटेल, पण लय जलदच राहील, आणि इअरफोन काढताच सगळं उलटं बिघडेल.

लय कमी केली की सूर उतरतो

एखादी तान किंवा अभंगाची चाल उचलायला गाणं सावकाश वाजवतात. चांगल्या अ‍ॅपमध्ये वेग बदलला तरी सूर तोच राहतो. काहींत त्यासाठी वेगळं बटण असतं आणि ते बंद असतं. मग वेग कमी होईल तसा सूरही उतरतो. वेग 50 टक्के केला तर षड्ज बरोबर मंद्र षड्जावर जातो, आणि 75 टक्के केला तर बरोबर मंद्र पंचमावर. सूर अचूक पंचमावर उतरलेला दिसला की आधी वेगाचं सेटिंग बघा. मधले वेग असे धरा: सहा टक्के म्हणजे साधारण एक पट्टी. 90 टक्के वेगावर जवळजवळ दोन पट्ट्या उतरतात.

‘पिच लॉक’, ‘की लॉक’ किंवा ‘सूर कायम ठेवा’ अशा नावाचं जे असेल ते चालू करा. वेग फारच कमी केला तर सूर कायम राहूनही आवाज चरचरतो. तो बिघाड नव्हे.

केसभर फरक: 10 ते 50 सेंट

इथे घाई करू नका, कारण यातला अर्धा भाग चूकच नसतो.

आधी अ‍ॅपमधला मूळ संदर्भ बघा. 440 च्या जागी 432 असेल तर सगळं 32 सेंट उतरतं; 442 असेल तर 8 सेंट चढतं. 432 मध्ये ‘शांत’ वाटतं म्हणून कुणीतरी ते बदललेलं असतं. एकट्याने गायचं तर काही बिघडत नाही, पण साथीला पेटी आली की खटकतं. शेजारी फाइन ट्यूनचं, म्हणजे सूर केसभर वरखाली करायचं, सेटिंगही असतं, ते शून्यावर आहे ना पाहा.

अ‍ॅप शून्यावर असूनही घरची पेटी 15-20 सेंट वर किंवा खाली असेल, तर पेटी बदलता येत नाही म्हणून अ‍ॅपच पेटीला जुळवा. फाइन ट्यून आहेच त्यासाठी. मंडळात सगळे त्याच पेटीवर गातात, तेव्हा 440 चा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

कान तयार होऊ लागलेल्या मुलांची एक तक्रार मला फार आवडते: ‘षड्ज-पंचम जुळतात, पण पेटीचा गांधार तानपुऱ्याशी जुळत नाही.’ तुमचं बरोबर आहे. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गांधार, ज्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो, तो षड्जापासून 386 सेंटवर असतो. पेटीचा आणि अ‍ॅपमधल्या बहुतेक पेट्यांचा गांधार 400 वर असतो. 14 सेंटांचा हा फरक पेटीच्या बांधणीतलाच आहे. अ‍ॅपमध्ये काही दुरुस्त करायचं नाही. गाताना तानपुऱ्याचं ऐका.

आणि जुनी ध्वनिमुद्रणं. मास्टर दीनानाथ किंवा केसरबाई केरकर यांच्या जुन्या तबकड्या ऐकून शिकणारे आपल्याकडे आहेत, असायलाच हवेत. त्या काळच्या सगळ्या तबकड्या मिनिटाला बरोबर 78 फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नसत. 76 वर मुद्रित झालेली तबकडी 78 वर वाजवून डिजिटल केली तर सूर 45 सेंट, म्हणजे जवळजवळ अर्धी पट्टी, चढतो. घरच्या भजनाच्या कॅसेटींचंही तेच. टेपचा वेग तीन टक्के इकडेतिकडे असला तर अर्धी पट्टी हलते. अशा वेळी मुद्रणाला हात न लावता तानपुराच फाइन ट्यूनने त्याच्याशी मिळवा. मुद्रणाच्या सुरुवातीला आणि शेवटी षड्ज मोजा. तो हळूहळू सरकत असेल तर टेपचा वेगच एकसारखा नव्हता आणि कुठलंही एक सेटिंग त्याला पुरणार नाही. अ‍ॅपचा तानपुरा स्वतःहून असा सरकत नाही.

तरीही जमेना तर

अ‍ॅप बनवणाऱ्यांना लिहा, पण ‘सूर चुकतो’ एवढंच लिहू नका. फोनचं मॉडेल, अँड्रॉइड किंवा आयओएसची आवृत्ती, अ‍ॅपची आवृत्ती, आवाज कशातून ऐकत होतात, निवडलेली पट्टी, अपेक्षित हर्ट्झ, आलेले हर्ट्झ, आणि 60 मात्रांना लागलेले सेकंद. एवढं दिलं की समोरच्याला अंदाज बांधावा लागत नाही. दहा सेकंदांचं ध्वनिमुद्रण जोडता आलं तर जोडा, मात्र ते दुसऱ्या फोनवर केलेलं हवं.

मंचावर जाण्याआधी

कला अकादमीची भजनी स्पर्धा असो की देवळातला जत्रेचा कार्यक्रम, अ‍ॅपचा तानपुरा घेऊन बसणार असाल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका. मधेच कॉल आला तर नुसती घंटी वाजत नाही, आवाजाची वाटही बदलते. ध्वनिव्यवस्थेला ब्लूटूथने जोडू नका, वायर मागून घ्या. वायर जोडून झाल्यावर अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा आणि पेटीवाल्याला षड्ज द्यायला सांगा. फाइन ट्यून त्या पेटीवर आणा आणि ते सेटिंग मंडळाच्या किंवा पेटीच्या नावाने जपून ठेवा. दुसऱ्या दिवशी घरी रियाजाला बसताना ते शून्यावर आणायचं, हेही त्याच नोंदीत लिहून ठेवा.